मधलं रबर

आत्मा अमर आहे की नाही, या प्रश्नानं माझी झोप कधी उडाली नाही. बदनापूरला स्टेशनाच्या अंगाला राहणाऱ्या माणसाची झोप उडवायला मनमाडकडे जाणारी रात्रीची मालगाडी पुरेशी असते. त्यासाठी उपनिषदं लागत नाहीत. जग सत्य की मिथ्या, हाही प्रश्न मी निवृत्तीनंतर बघू म्हणून बाजूला ठेवला होता. शाळेतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली, अजून पाहिलेला नाही. पण गेल्या उन्हाळ्यात एका प्रश्नानं मला असं काही घेरलं की आमरस असून जेवण गोड लागेना. प्रश्न असा : गाडीच्या पुढच्या आर्मला बुश रबराचे घालावेत, की पॉलियुरेथेनचे?

हसा, खुशाल हसा. या प्रकरणाची सुरुवात तशी हसण्यातच झाली. उस्ताद गाडीखालून सरपटत बाहेर आला, कपाळावरचं ऑइल मनगटानं पुसून आणखी पसरवलं आणि घरात काही अशुभ घडल्यासारखा चेहरा करून म्हणाला, "सर, बुश गेले."

ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या आमच्या हिनं मान वर केली. "अगंबाई! कोणते? थोरले की धाकटे?"

थोरले बुश २०१८ सालीच गेले, आणि अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची बातमी गाडीखालून येत नसते, हे तिला समजावून सांगेपर्यंत उस्तादानं चहा संपवला होता. "आठ हैत," तो म्हणाला. "आठच्या आठ गेले."

ज्यांच्याकडे गाडी आहे पण जे तिच्याखाली कधी गेले नाहीत, अशा सुखी माणसांसाठी सांगतो. चाक काही गाडीला थेट चिकटवलेलं नसतं. चाक आणि चेसी यांच्यामध्ये लोखंडी आर्म असतात. ते बिजागरीसारखे वरखाली होतात, म्हणून खड्डा आला की चाक खाली जातं आणि आपण वर राहतो. हा आर्म चेसीला जिथं बोल्टनं अडकवतात तिथं लोखंडाला लोखंड लागू नये म्हणून अंगठ्याएवढं एक नळकांडं बसवतात. आत लोखंडी नळी, बाहेर लोखंडी नळी आणि दोन्हींच्या मध्ये गच्च चिकटवलेलं रबर. हाच बुश. गाडीची सगळी सभ्यता या अंगठ्याएवढ्या रबरावर उभी असते. ते धड असतं तोवर ते आहे हे कुणाच्या ध्यानातही नसतं. ते गेलं की मात्र गाडी गल्लीच्या तोंडाशी वळायच्या आत घरात चहाचं आधण चढतं, इतकी तिची खडखड आधी येऊन पोचते.

आमची गाडी म्हणजे स्टँडर्ड हेरल्ड, १९६६ चं मॉडेल. मूळ इंग्लंडातली, १९५९ ची; अंगाचा घाट तुरिन गावच्या जोव्हान्नी मिकेलोत्ती या इटालियन कारागिराचा; आणि १९६१ पासून ती मद्रासला स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सच्या कारखान्यात होऊ लागली. आबांनी १९७४ साली तेव्हाच्या औरंगाबादेत एका डॉक्टरांकडून ती जुनीच घेतली. हिचं पुढचं सगळं तोंड, म्हणजे बॉनेट आणि मडगार्ड मिळून, मगरीच्या जबड्यासारखं एकदम उघडतं. त्या काळी बदनापुरात लोक गाडी पाहायला येत नसत, बॉनेट उघडताना पाहायला येत. आणि वळण तर असं की २५ फुटांच्या वर्तुळात गाडी फिरते. बाजारच्या दिवशी जिथं बैलगाडीला मागं रेटावं लागे तिथं आबा एका दमात गाडी फिरवत आणि मग मिशीवरून हात फिरवत.

त्या सुमाराच्या बऱ्याच नव्या मोटारी एकसंध पेटीसारख्या घडू लागल्या होत्या. हेरल्डला मात्र खाली वेगळा सांगाडा आणि वर बोल्टनं जोडलेले सुटे भाग. थोडक्यात, एकत्र कुटुंब. प्रत्येकाची फट वेगळी, प्रत्येकाचा गंज वेगळा. पण बोल्टच्या धाकानं सगळे एका दिशेनं जातात.

ही गाडी स्पोर्ट्स कार आहे, हा शोध माझ्या पुतण्याचा. तो चाकणला मोटारींच्याच कारखान्यात इंजिनिअर आहे. म्हणाला, "काका, ट्रायम्फ स्पिटफायर माहीत आहे? दोन सीटांची, टप नसलेली, जगभरचे शौकीन जिच्यासाठी जीव टाकतात ती? ती १९६२ साली निघाली तीच मुळी हेरल्डची चेसी आखूड करून. पुढचे आर्म त्याच घराण्यातले." म्हणजे दोघी सख्ख्या बहिणी. थोरलीनं नऊवारी नेसली, धाकटीनं टेनिसचा झगा घातला. गुडघे दोघींचे सारखेच. तेव्हापासून मी सोमठाण्याला देवीच्या दर्शनाला जातानासुद्धा शर्टाची कॉलर वर करून गाडी चालवतो.

हा पुतण्या माझ्या दादाचा मुलगा. आणि दादा नि मी नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हतो.

भांडण या गाडीवरूनच झालेलं. आई गेल्यावर वाटण्या झाल्या. शेत दोन झालं, घर मला आणि पैसे त्याला असं ठरलं, पितळी घंगाळंसुद्धा मोजून झाली. राहिली गाडी. तशी हेरल्ड बोल्ट काढून अर्धी-अर्धी करता आली असती, पण ते तेव्हा कुणाला सुचलं नाही. दादा जालन्याला राहतो. जालन्यात पोलादाच्या भट्ट्या. भंगार जातं आणि बांधकामाची सळई होऊन बाहेर पडतं. दादा म्हणाला, "देऊन टाक भट्टीला. कुणाच्या तरी स्लॅबला लागेल." मी स्पष्टवक्ता आहे. स्पष्टवक्ता म्हणजे ज्याच्या बोलण्याचा खर्च इतरांना भरावा लागतो तो. आबांची आठवण विकायला निघालेल्या माणसाला काय म्हणावं ते मी स्पष्ट म्हणालो. त्यानंही उत्तर दिलं. बदनापूर ते जालना वीस किलोमीटर. तेवढं अंतर आम्ही नऊ वर्षं कापलं नाही. पोरगं मात्र सुट्टीला आलं की दोन्ही घरी जेवायचं.

तर बुश. या विषयावर तीन संप्रदाय माझ्या अंगणात जमले.

पहिला संप्रदाय रबराचा, आणि त्याचा पीठाधीश उस्ताद. त्याचे वालिद आबांच्या वेळी ही गाडी बघत आणि तेव्हा तो चड्डीतला पोरगा पाने हातात देई. त्याचं म्हणणं, कंपनीनं रबर दिलंय ते काही वेडेपणानं नाही. झाडाचा चीक, त्यात गंधक घालून आच दिली की तो पक्का होतो, हे गुडइयर या अमेरिकन माणसानं १८३९ साली शोधलं. तेव्हापासून रबराला एक गोष्ट येते जी लोखंडाला येत नाही : धक्का गिळणं. गिळलेल्या धक्क्याची आत थोडी ऊब होते. हे माझं काव्य नव्हे, इंजिनिअर लोक ती मोजतात. आणि दुसरं म्हणजे असा चिकटवलेला बुश घासत नाही, पिळतो. आर्म वर गेला की रबराला पीळ पडतो, खाली आला की सुटतो. कुठं काही सरकत नाही म्हणून आवाज नाही, वंगण नाही. दोष? ऑइल लागलं की फुगतं, उन्हानं नि हवेनं तडकतं, आणि जात्याच थोडं ढिलं. स्टिअरिंग वळवलं की गाडी वळण्याआधी क्षणभर विचार करते.

दुसरा संप्रदाय पॉलियुरेथेनचा. जर्मनीत ओटो बायर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९३७ साली काढलेला हा पदार्थ. याचीच गादी होते, याचाच बुटाचा तळ होतो आणि याचाच बुश. मऊ-कठीण मोजायला शोअर नावाचं माप आहे. त्यावर बुशाचं रबर ६० च्या आसपास भरतं, तर पॉलियुरेथेन ८० पासून ९५ पर्यंत. पुतण्या म्हणाला, "काका, याला ऑइलची भीती नाही, उन्हाची नाही. स्टिअरिंग हलवलं की चाक हललं! जगातले स्पिटफायरवाले हेच घालतात. आणि आता समृद्धी महामार्ग झालाय!" यावर उस्तादानं शांतपणे विचारलं, "ही गाडी समृद्धीवर न्यायची हाय का मोंढ्यात?"

तिसरा संप्रदाय आमच्या शेजारच्या लेथवाल्याचा. तो म्हणाला, "गनमेटलचे करून देतो. तुम्ही संपाल, बुश संपणार नाही." माझ्याविषयीची ही सदिच्छा ऐकून मी आभार मानले. यावर उस्तादाचं म्हणणं ऐकण्यासारखं होतं. आमच्या गाडीत खालच्या ट्रनियनला नायलॉनचे बुश कंपनीनंच दिलेत. ते चालतात, कारण तिथं नुसतं फिरायचं काम आहे. जिथं फिरायचंही आणि धक्काही खायचा, तिथं कडक माल चालत नाही. म्हणजे माल चांगला की वाईट हा प्रश्नच चुकीचा. कुठल्या जागी, ते आधी सांगा.

हे मला पटायला हवं होतं. आमच्या गावात कृषी संशोधन केंद्र आहे, तिथली 'बीडीएन ७११' तूर मराठवाड्यात घरोघर माहीत आहे. ती लवकर येते, म्हणून पाऊस मध्येच रुसला तरी शेंगा भरून मोकळी होते आणि मर रोगालाही दाद देत नाही. जगातली सर्वांत चांगली तूर कोणती, असं तिथं कुणी विचारत नाही. कोणत्या जमिनीला आणि किती पावसाला, असं विचारतात. साठ वर्षं तुरीचं वरण खाऊनही एवढी अक्कल माझ्यात उतरली नव्हती. मी पॉलियुरेथेन निवडलं.

खरं कारण सांगतो. मला तो माल आवडला कारण त्यात मी मला दिसलो. लवचीक नाही, गुळमुळीत नाही, जे असेल ते तोंडावर. लहानपणापासून आपण ऐकतो : मोडेन पण वाकणार नाही. वर्गात हे वाक्य मी फळ्यावर तीस वर्षं लिहून अर्थविस्तार करायला सांगितला. मोडल्यावर जोडायला पैसे कोण देणार, असं एकाही मुलानं लिहिलं नाही, आणि लिहिलं असतं तर मी मार्क कापले असते.

पॉलियुरेथेन बसलं. पहिल्या दिवशी मी खूश. गाडी हुकूम झेलत होती. दुसऱ्या दिवशी जालना रस्त्याला लागलो. आमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते नि पावसाळ्यात फुगते. वरचा रस्ता बिचारा तिच्याबरोबर श्वास घेतो. त्या रस्त्यानं त्या दिवशी मला स्वतःची हकीकत अक्षरन् अक्षर सांगितली. कुठं ठिगळ, कुठं खचलंय, कुठं पुलाचा सांधा, सगळं मणक्यातून डोक्यात. भरीला हा बुश आतल्या नळीवर सरकतो, त्याला स्वतःचं वेगळं ग्रीस लागतं, आणि ते सरलं की तो कुईकुई करतो. दर स्पीडब्रेकरला गाडी विव्हळायची आणि गल्लीतली कुत्री आपुलकीनं उत्तर द्यायची. ही म्हणाली, "गाडी अगदी तुमच्यासारखी झालीय. खरं बोलते, पण ऐकवत नाही."

महिन्याभरानं उस्तादानं गाडीखालून हाक मारली. टॉर्चच्या उजेडात दाखवलं. आर्मचा ब्रॅकेट जिथं धरलेला असतो त्या जागी चेसीला केसासारखी भेग. उस्ताद न्यायी माणूस, म्हणाला, "आधा कसूर गंजाचा हाय, सर. पण आधा कडक मालाचा." मग बसकण मारून त्यानं जे सांगितलं ते मी वहीत लिहून ठेवलंय. "बुश मरायलाच असतो, सर. बुश मेला तर दोन-चारशे रुपये. बुश मरत न्हाई तवा आर्म मरतो. आर्म बी मेला न्हाई, तर चेसी मरते. कोन मरावं, ते बनवणाऱ्यानं आधीच ठरवलेलं असतंय."

त्या रात्री मालगाडी गेली आणि मी जागाच राहिलो. बुश मरायलाच असतो! म्हणजे मऊपणा हा गुणच ठरला की. पुरात झाडं वाहून जातात नि लव्हाळी टिकतात, हा दाखला आपण नेहमी देतो. पण अंधारात आढ्याकडे पाहताना ध्यानात आलं की लव्हाळ्याचं नि बुशाचं काही जमत नाही. लव्हाळं वाकतं ते स्वतः वाचावं म्हणून. पूर ओसरला की ते पुन्हा ताठ, एका पैशाचं नुकसान नाही. बुश वाकतो तो दुसरे वाचावेत म्हणून, आणि त्यात स्वतः झिजून जातो. दोन्हींना आपण मऊपणा म्हणतो. एक व्यवहार आहे. दुसऱ्याला काय म्हणायचं?

आणि मला आई आठवली.

आबा गेल्यावर दादा नि मी यांच्यामध्ये आईच होती. मी सांगायचो, "त्याला म्हणावं, मला हिशोब दाखवल्याशिवाय मी पाय ठेवणार नाही." आई त्याला सांगायची, "तो म्हणतोय, जमलं तर येतो. हिशोबही एकदा सोबत बसून बघू." दादा म्हणायचा, "त्याला अक्कल कधी येणार?" ते माझ्यापर्यंत पोचायचं ते असं : "दादा तुझी आठवण काढत होता." इतकी वर्षं आम्हा दोघांना वाटत राहिलं की आपला भाऊ तसा बरा आहे. धक्के सगळे मध्ये गिळले जात होते. आमच्यापर्यंत यायची ती फक्त ऊब. ती गेली आणि पंधरवड्यात लोखंडाला लोखंड भिडलं. आमचं भांडण गाडीवरून झालं, असं मी वर लिहिलंय ते खोटं आहे. बुश गेला होता.

सकाळी मोठ्या उमाळ्यानं मी हिला हे तत्त्वज्ञान सांगितलं. माणसानं रबरासारखं असावं, मऊपणा हीच खरी ताकद, वगैरे. ती पोळी लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "हे कुणी सांगितलं? रबरानं की लोखंडानं?"

मी गप्प.

"रबर फार चांगलं, असं नेहमी लोखंडच म्हणतं. सासूबाईंना कधी विचारलंत का, तुम्हाला हे काम हवंय का म्हणून? त्या गेल्यावर पाच-सहा वर्षं ते काम मी केलं. जाऊबाईंशी फोनवर गोड बोलत. मग माझंही रबर तडकलं, मी सोडून दिलं. तुमच्या ध्यानातसुद्धा आलं नाही."

खरंच आलं नव्हतं. चांगल्या बुशाचं ते लक्षणच असतं, असं म्हणणार होतो, पण स्पष्टवक्तेपणा पहिल्यांदाच आवरला. पोळी करपली नाही, याचं श्रेय त्याला.

तिच्या बोलण्यानं माझा सिद्धांत पंक्चर झाला, तो अजून तसाच आहे. यंत्रात कोण झिजावं हे बनवणारा ठरवतो, आणि ते ठीकच. रबराला जीव नाही. घरात मात्र हे कुणी ठरवत नाही, ते ठरून जातं. जो बोलत नाही त्याच्यावर येतं, आणि पुढं आपण त्याच्या सहनशीलतेचे गोडवे गातो. गोडवे गाणं हे बुश बदलण्यापेक्षा स्वस्त पडतं.

असो. भेग वेल्डिंग करून घेतली, आणि रबराचे आठ बुश आणले. उस्तादानं ते प्रेसवर बसवले, आर्म जागेवर लावले, बोल्ट घातले, पण आवळले नाहीत. गाडी जॅकवरून खाली घेतली. म्हणाला, "आता पुढच्या सीटवर दोन माणसं बसवा."

"कशाला?"

"वजन पाहिजे. गाडी हवेत असताना बोल्ट आवळला की रबर तिथंच धरलं जातंय. मग गाडी खाली आली की ते पिळलेलंच राहतंय, उभी असली तरी पीळ. सहा महिन्यांत फाटतंय. लोक म्हणतात माल खराब. माल खराब नसतो, सर. आवळायची वेळ चुकलेली असती."

पुतण्या पाने द्यायला खाली. मी एका सीटवर बसलो. दुसरं कोण? हिच्या मांडीला वाळवणाचे गहू. इतक्यात फाटकाशी स्कूटर थांबली. दादा. पोराला न्यायला आला होता. पोराचा फोन लागत नव्हता म्हणून. (फोन का लागत नव्हता, ते मी अजून विचारलेलं नाही.) तो फाटकाच्या बाहेरच उभा राहिला, नऊ वर्षांच्या नियमानुसार. गाडीखालून दोन पाय आणि उस्तादाचा आवाज एवढंच दिसत-ऐकू येत होतं. "कोन, दादासाहेब? बरे आले. बसा पुढं, दुसऱ्या बाजूला. बोलायचं न्हाई, हलायचं न्हाई. नुसतं वजन पाहिजे."

बोलायचं नाही ही अट दादाला सोयीची वाटली असावी. तो आला नि बसला. दार ओढलं, लागलं नाही. पुन्हा ओढलं, लागलं नाही.

आम्ही दोघं समोर बघत बसलो. समोर बॉनेटचा जबडा वासलेला, त्यामुळे बघण्यासारखं काही नव्हतं. खालून पान्याची किरकिर. आबांच्या वेळी आम्ही दोघं पुढच्या याच सीटसाठी भांडायचो आणि शेवटी दोघांनाही मागं बसवलं जायचं. पुढं शेजारी शेजारी बसायला साठी उलटावी लागली, आणि तीही वजन म्हणून.

पाचेक मिनिटांनी दादा समोर बघतच म्हणाला, "दार अजून दोनदा ओढावं लागतं का?"

"तीनदा," मी म्हणालो.

"हलू नका!" खालून उस्ताद ओरडला. दादा हसला, त्यामुळे गाडी हलली होती. मग मीही हसलो आणि उस्तादानं खालून आमच्या दोघांच्या पिढ्यांचा उद्धार दखनीत केला.

आता वाटतं, आपण आयुष्यातले सगळे बोल्ट गाडी हवेत असतानाच आवळतो. लग्नातली वचनं मांडवात, जेव्हा एका चाकालाही जमीन लागलेली नसते. वाटण्यांचे शब्द चौदाव्या दिवशी, जेव्हा कुणाचंच डोकं जाग्यावर नसतं. मग पुढं प्रत्येक जण उभ्या जागी पिळलेला, आणि आपण म्हणतो, माणसं खराब निघाली. दादाचं नि माझं तेच झालं असावं. आईला जाऊन चौदा दिवस झाले होते आणि आम्ही बोल्ट गच्च आवळून बसलो होतो.

याहून मोठं काही हाती लागलं असं मी म्हणत नाही. दादाचं मत बदललेलं नाही. गाडीच्या सळया व्हाव्यात असंच तो मानतो. फक्त आता ते तो मला स्वतः सांगतो. गाडी पुढून इतकी शांत झाली आहे की मागची खडखड ऐकू यायला लागली. उस्ताद म्हणाला, "मागचे बुश बी गेलेत. आधी पुढच्या आवाजात कळत नव्हते."

म्हणजे पुन्हा वजन लागणार. परवा पुतण्या निघाला तेव्हा मी त्याला म्हटलं, "तुझ्या बाबांना सांग, रविवारी—"

आमची ही आतून बाहेर आली. "निरोप कशाला? फोन आहे ना हातात? त्या पोराचा बुश करू नका."

मी फोन लावला. नऊ वर्षांत पहिल्यांदा. दोन वेळा वाजला. म्हटलं, "रविवारी ये, मागचे बुश आवळायचेत. वजन पाहिजे."

दादा थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "माझं वजन कमी झालंय रे. एकट्याचं पुरणार नाही. तुझ्या वहिनीला घेऊन येतो."